निखिल ऑनसाइटला नव्हता

बेंगळुरूतल्या मराठी आईबापांनो, आपल्या सगळ्यांची एक तक्रार सारखीच आहे... या शहरानं पगार दिला, फ्लॅट दिला आणि पोरं हातातून काढून घेतली. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दबक्या आवाजात हेच चालतं. कुणाचा तरी मुलगा 'त्या गोळ्यांच्या' नादाला लागलेला असतो. कुणाचा, ते कधीच कळत नाही.

आज मी नाव घेऊन लिहितेय.

गेल्या रविवारी सकाळी मल्लेश्वरमला सुमनअक्कांकडे गेले होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकत "स्वल्प थांब गं" म्हणणारं. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल आयटीत आहे. तो परत ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामाला, गेल्याचं मंडळात कळलं होतं, म्हणून मी दारातूनच ओरडले, "काय अक्का, लेक पुन्हा अमेरिकेला? मजा आहे बुवा तुमची!"

अक्का हसल्या नाहीत. मला आत घेतलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी अमेरिका सांगितली. आता कुठला देश सांगू? तूच सांग, तू एवढी पुस्तकं वाचतेस..."

मला कळायलाच वेळ लागला.

निखिल अमेरिकेला कधी गेलाच नव्हता. तो कनकपुरा रोडच्या बाजूला, शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. एमडी नावाचं ड्रग... वीकेंडच्या पार्ट्यांपासून सुरू झालेलं. 'ऑनसाइट' हा शब्द त्याच्या वडिलांना, अण्णांना सुचला. आपल्यात हा शब्द उच्चारला की कुणी पुढचं विचारत नाही, उलट अभिनंदन करतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कांनी तिळगुळासोबत अमेरिकन चॉकलेटं वाटली होती. अण्णांनी ती इंदिरानगरच्या एका दुकानातून आणली होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली... आणि मी विचारलं होतं, "तिकडे थंडी फार असेल ना?"

निखिल त्या पहिल्या खेपेला केंद्रातून बरा होऊन घरी आला होता, हे लक्षात घ्या. केंद्रातून निघताना त्याला बजावलं होतं, की निदान दोन मित्रांना खरं सांग आणि पबची पायरी चढू नकोस. पण इथे मंडळातली पोरं वाटच बघत होती. "काय अमेरिकन, पार्टी कधी?"

अमेरिकेहून आलेल्या तरण्या मुलानं पार्टीला नाही म्हणायचं, ते कुठल्या तोंडानं? तो गेला. आधी एक बिअर... मग कुणाच्या तरी ओळखीच्या कुणीतरी एक पुडी पुढे केली. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांना शेजाऱ्यांकडून बाथरूमचं दार फोडून घ्यावं लागलं. आत निखिल बेशुद्ध पडला होता.

वाचला. पण आता पुन्हा तिथेच आहे.

आपण काय बोलतो ते आठवा. ड्रग्ज म्हटलं की आपण पंजाबकडे बोट दाखवतो. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, बेंगळुरूला पोरं बिघडतात. इथले म्हणतात, ही कीड बाहेरून आलेल्यांनी आणली. मल्लेश्वरम इंदिरानगरला नावं ठेवतं आणि इंदिरानगर कॉलेजच्या पोरांना... सगळ्यांची बोटं दुसऱ्याच्या अंगणाकडे, आणि माल मात्र प्रत्येकाच्या दाराशी!

आणि न्यायही कसा वाटलाय बघा. कारखान्यातला पोरगा डबल शिफ्टला जागं राहायला गोळी खातो, तो 'गर्दुल्ला'. त्याला पोलीस कॉलर धरून नेतात. आपला पोरगा तेच करतो, तेव्हा त्याला 'स्ट्रेस' असतो.

अक्कांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. केंद्रात रविवारी भेटीचा दिवस असतो. निखिलच्या शेजारच्या खाटेवर पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक मुलगा होता. त्याच्याकडे अख्खं घर यायचं... भाऊ, वहिनी, कारखान्यातले मित्र, डबे घेऊन.

निखिलकडे आईवडिलांशिवाय कुणी नाही. "अमेरिकेत कोण जाणार गं भेटायला?" अक्का म्हणाल्या.

मी गणपतीत, संमेलनात, शाळांत व्यसनावर घसा फोडून बोलले आहे. टाळ्या पडल्या आहेत. त्या खोलीत मात्र एवढंच विचारलं, "अक्का, हे लिहू?"

त्या कोपऱ्यात बसलेल्या अण्णांकडे बघत राहिल्या. मग अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, लिही. पण आडनाव नको." त्यावर अक्का फटकन म्हणाल्या, "नाव तरी राहू द्या. भेटायला आलेला माणूस गेटवर कुणाचं नाव सांगेल?"

बुधवारी केंद्रातून निखिलचा मला फोन आला, तेव्हा त्यालाही विचारलं. तो हसला... फार वाईट हसला. "लिही मावशी. पार्टी मागणाऱ्यांनाही पाठव."

तो या वेळी सुटेल का? मला माहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनीही खात्री दिलेली नाही. खरं सांगायचं तर मला फारशी आशा वाटत नाही. या शहरात पुडी मिळायला एक मेसेज पुरतो, आणि एक खरा मित्र मिळायला वर्षं जातात.

तरी येत्या रविवारी दुपारी मी त्याला भेटायला जाणार आहे. मल्लेश्वरमहून माझी गाडी निघेल, मागे तीन जागा रिकाम्या आहेत. या पोस्टवर रडके इमोजी टाकू नका, 'काळजी घ्या' लिहू नका. येणार असाल तर मला फोन करा आणि येऊन गाडीत बसा.