ओल्या कापसाची परीक्षा

आज सलूनमधल्या कारागिराने माझ्या केसांना हात लावण्याआधी ओल्या कापसाचा पदर कात्रीत धरून पाहिला. कापूस स्वच्छ कापला गेला, तेव्हाच तो माझ्याकडे वळला. मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते गावात केस कापत. त्यांच्या त्या कात्रीमुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो. कापूस कापला न जाता पात्यांत दुमडला, की ते म्हणत, "चावतीय रे ही. हिची परीक्षा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही घ्यायची."

ते गेल्यावर मी त्यांची पेटी उघडली. त्यांचे हात थरथरू लागल्यापासून दुकान बंदच होतं, तेव्हा कात्री बोथट झाली असणार असं मला वाटलं. तरी ओला कापूस धरून पाहिला. एका झटक्यात दोन तुकडे झाले.

"तू येणार म्हटलं की धार लावून आणायचे," आई म्हणाली. "म्हणायचे, पोराचे केस तेवढे अजून जमतील मला."

मी मात्र दर वेळी शहरात केस कापूनच गावी जायचो. अण्णा दारातच माझ्या मानेवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "छान कापलेत. कात्री धारेची दिसतीय त्याची."