डाव्या तळव्याचा प्रताप

शाळेत त्यांना सगळे कंपास सर म्हणत, कारण त्यांनी फळ्यावर कंपास कधी लावलाच नाही. डावा तळवा फळ्यावर टेकवायचा, पाय जरा फाकवायचे आणि उजव्या हातातला खडू खांद्यापासून एकदाच फिरवायचा. वर्तुळ पुरं! रेघ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, हे भिंग घेऊन शोधलं तरी सापडू नये. मुलं टाळ्या वाजवत. सर पाठमोरेच म्हणत, "टाळ्या नकोत, त्रिज्या सांगा." त्रिज्या कुणी सांगत नसे. टाळ्या मात्र एकतीस वर्षं चालू होत्या.

मग एका सुट्टीत वर्गातला काळा फळा गेला आणि त्याच्या जागी जेवणाच्या टेबलाएवढा चकचकीत डिजिटल फळा आला.

सर यंत्राला भिणाऱ्यातले नव्हते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ते पहिल्या बाकावर बसले. वहीत समास आखून त्यांनी फळा चालवण्याच्या एकोणीस सूचना क्रमवार लिहून घेतल्या. बाकीच्या शिक्षकांनी डोक्यावर भरवसा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सगळे सरांकडेच वही मागायला आले.

एवढी तयारी, आणि पहिल्याच तासाला माशी शिंकली. सरांनी वर्तुळ काढलं, तर त्याची डावी बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी गायब. पुन्हा काढलं, पुन्हा कुरतडलं. वर्ग हसला. सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि फळा दुरुस्त करणाऱ्या बोर्डवाल्याला बोलावणं धाडलं.

तो आला. त्यानं बोटानं भराभर चार वर्तुळं काढली. चारही जागच्या जागी.

"सर, फळा ठणठणीत आहे."

"आत्ता आहे. तुम्ही गेलात की बिघडेल."

तसंच झालं. डॉक्टर दारात आला की पोटदुखी पळावी, तशी त्या फळ्याची तऱ्हा. तिसऱ्या खेपेला बोर्डवाल्यानं पिशवीची चेन ओढली आणि तो म्हणाला, "सर, फळ्यात दोष नाही. वीज नीट आहे. आता खोलीत उरलं कोण, ते तुम्हीच बघा."

हे मुख्याध्यापिकेच्या कानावर गेलं. तिनं सरांना बोलावून घेतलं.

"सर, पुढच्या मंगळवारी तपासणी अधिकारी येतायत. नववीचा भूमितीचा तास ते याच फळ्यावर बघणार. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. नववी नव्या शिक्षिकेकडे देऊ, तुम्ही ग्रंथालय सांभाळा. दोनच वर्षं राहिलीत. आरामात जातील."

बाकी सगळं सरांनी सोसलं असतं. तो 'आरामात' मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. "जमेल," एवढंच बोलून ते बाहेर पडले. नववीशिवायची शाळा म्हणजे काय, याचा विचार करत ते घरापर्यंत चालत आले, आणि दोन घरं पुढे जाऊन परत फिरले.

घरी बायको भाजी चिरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उभे राहा बघू. कसं काढता ते दाखवा."

"अगं, इथे फळा कुठाय?"

"भिंत आहे ना!"

सर कॅलेंडरशेजारच्या भिंतीकडे वळले आणि त्यांनी बोट उचललं.

"हात!" बायको ओरडली.

"उचललाय की."

"तो नाही हो, डावा! काढा तो भिंतीवरनं! वीस वर्षं हा डाग घासतेय मी. कॅलेंडरवर साधी खूण करायची असली, तरी यांचा पंजा आधी भिंतीला. त्या फळ्यालाही असाच थापत असाल. तो बिचारा समजत असेल, पुसायला सांगतायत."

सरांनी पिशवीतून वही काढली. सूचना क्रमांक सतरा, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात : 'तळवा टेकवल्यास त्या जागेचं पुसलं जातं.' खाली दोन रेघाही मारलेल्या.

"वाचा की मोठ्यानं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सरांचा डावा हात खिशात गेला. कुरतडणं थांबलं, पण आधार सुटला आणि वर्तुळाचं कधी वांगं, तर कधी बटाटा होऊ लागला. एकतीस वर्षं नाव उजव्याचं झालं होतं आणि राबत डावा होता! फळ्याच्या कोपऱ्यातल्या वर्तुळाच्या चिन्हावर बोट ठेवलं की अचूक वर्तुळ आपोआप उमटे. पण त्यात आपण कुठे, असं सरांना वाटे. त्यांनी सराव सोडला नाही.

मंगळवारी अधिकारी शेवटच्या बाकावर बसले. दाराशी मुख्याध्यापिका उभी. सरांनी हात खिशात घातला, श्वास रोखला आणि बोट फिरवलं. वांगं. तेही देठासकट.

टाळी पडली नाही. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, हे वर्तुळ आहे?"

मुख्याध्यापिकेनं डोळे मिटले. सरांचा डावा हात पुसण्यासाठी खिशातून निघालाही होता. तो तसाच हवेत थांबला. एकतीस वर्षांत सरांच्या वर्तुळावर कुणी शंका घेतली नव्हती. घ्यायला जागाच नव्हती.

"नाही म्हणतेस? मग ये, सिद्ध कर."

"केंद्र कुठाय पण?"

"तेच शोधायचंय. जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो ना? काढ."

तिनं दोन जीवा काढल्या, त्यांचे लंबदुभाजक काढले. ते एका बिंदूत भेटले.

"भेटले! म्हणजे आहे वर्तुळ!" अर्धा वर्ग ओरडला.

"हॅ, दोन रेघा कुठेतरी भेटणारच की," खिडकीजवळून एकजण म्हणाला. "तिसरी काढ ना."

तिसरीचा लंबदुभाजक त्या बिंदूपासून वीतभर लांबून गेला. एकच गलका उडाला. मग सरांनी कोपऱ्यातल्या चिन्हावर बोट ठेवलं, शेजारी खरं वर्तुळ उमटवलं आणि त्यात एक जीवा काढून ते ती बोटानं सरकवू लागले. जीवा जाईल तिकडे तिचा लंबदुभाजक फिरे, पण केंद्राला काही सोडीना. काळ्या फळ्यावर यासाठी दहा जीवा काढून पुसाव्या लागल्या असत्या.

"सर, मी सरकवू?" "सर, मी!" फळ्यासमोर रांग लागली.

तास संपल्यावर अधिकारी पुढे आले. "ते वाकडं वर्तुळ मुद्दाम काढलंत ना? छान कल्पना."

त्यांच्या पाठीमागून मुख्याध्यापिका जोरजोरात मान हलवत होती : हो म्हणा, हो म्हणा.

"नाही साहेब," सर म्हणाले. "गोलच काढायला गेलो होतो."

अधिकारी मनापासून हसले. "मग असंच येऊ द्या."

ते गेल्यावर मुख्याध्यापिकेनं सरांना व्हरांड्यात गाठलं. "नववी तुमच्याकडेच. आणि शनिवारी हाच तास बाकीच्या शिक्षकांना घेऊन दाखवायचाय. अगदी अस्साच."

सर सरावाला लागले. शुक्रवारी पाचपैकी तीन वर्तुळं गोल आली, आणि ते हवालदिल झाले.