अक्काताईंचा नंबर

पार्श्वनाथ मगदूम वारले त्या वर्षी त्यांच्या बायकोनं, अक्काताईंनी, पहिल्यांदा स्वतःचा मोबाईल घेतला. तोवर घरात एकच फोन होता आणि तो नवऱ्याच्या खिशात असायचा. कृष्णेकाठच्या तेरसवाडात अक्काताई ब्लाऊज शिवून द्यायच्या. गिऱ्हाइकांना सोयीचं व्हावं म्हणून नवं कार्ड घेतलं, नंबर दारावरच्या पाटीवर रंगवून घेतला.

पहिलाच फोन आला तो काही ब्लाऊजसाठी नव्हता.

"आमच्या बोळात कुत्रं मरून पडलंय. कवा उचलणार?" एक माणूस दरडावून विचारत होता.

"कुणाला लावलासा फोन?"

"नगरपंचायतीला."

"न्हाय ओ, ह्यो घरचा नंबर हाय."

"मग वेबसाईटवर कशाला घातलाय?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग असे फोन येतच राहिले. नळाला पाणी नाही, खांबावरचा दिवा गेलाय, घंटागाडी फिरकली नाही. वेबसाईट म्हणजे काय हेच अक्काताईंना धड ठाऊक नव्हतं. कबनूरची त्यांची भाची प्राची सुट्टीला आली, तेव्हा तिनं ते पान उघडून दाखवलं. वर हसऱ्या नगराध्यक्षांचा फोटो होता; ते पायउतार होऊनही बरीच वर्षं झाली होती. 'ताज्या घडामोडी'वर बोट ठेवलं की कोरं पान यायचं. पाणीपट्टी, जन्मदाखला, तक्रार, काहीच उघडत नव्हतं. ठळक लाल अक्षरांत एकच गोष्ट नीट वाचता येत होती: आपत्ती नियंत्रण कक्ष, चोवीस तास. आणि पुढं अक्काताईंचा नंबर.

त्या नगरपंचायतीत गेल्या. धैर्यशील नावाचा क्लार्क होता, स्वभावानं बरा. त्यानं खुर्ची दिली, नंबर बघितला आणि हसला.

"हा आमच्या जुन्या ऑपरेटरचा. ठेक्यावर होता, सोडून गेला. त्याचं कार्ड बंद पडलं असंल, कंपनीनं तेच तुमाला दिलं."

"मग काढून टाका की तिथनं."

"पासवर्ड त्याच्याकडंच ऱ्हायला, मावशी. साईट करणाऱ्या कंपनीचाबी पत्ता न्हाय. नवं टेंडर निघालं की बघू. अर्ज देऊन ठेवा."

अर्ज त्यानंच लिहून दिला. मुख्याधिकारी बदलले, तेव्हा अक्काताईंनी पुन्हा एक अर्ज दिला. शेवटी धैर्यशीलच कंटाळून म्हणाला, "तुमीच नंबर बदला की."

"गिऱ्हाइकं तुटतील माझी," अक्काताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि मी बदलला तर ह्या लोकांचा फोन कोण उचलणार?"

धैर्यशीलनं तो अर्जही फायलीला लावला.

पुढं पुढं अक्काताईंना सवय झाली. मशीनवर बसल्या बसल्या त्या लोकांना ऑफिसचा नंबर सांगायच्या. तिथं कुणी उचललं नाही की माणसं परत ह्यांनाच फोन करून शिव्या घालायची.

मग एका पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा फुगली आणि कृष्णेचं पाणी पुढं सरकेना. अक्काताईंची गल्ली हायस्कूलमध्ये हलवली. शिलाई मशीन पलंगावर चढवून, हातात फोन आणि चार कपडे घेऊन त्या निघाल्या. हायस्कूलच्या व्हरांड्यात धैर्यशील वायरलेस घेऊन बसला होता. अक्काताईंचा फोन वाजायचा, की त्या नाव आणि जागा ऐकून घ्यायच्या आणि धावत त्याच्याकडं जायच्या. दिवसभर त्यांचं तेच चाललं होतं.

दुपारी एक फोन आला. ओढ्यापलीकडच्या मळ्यातला केरबा बोलत होता.

"बाई, पाणी उंबऱ्याला लागलंय. माझी आई बायडाबाई, तिला उठता येत न्हाय. बोट धाडा."

"जरा थांबा. इच्यारून सांगतो."

धैर्यशीलनं वायरलेसवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं. तो म्हणाला, "बोट निघाली म्हणून सांगा."

"निघाली बोट," अक्काताईंनी फोनवर सांगितलं.

"नक्की न्हवं?"

"नक्की."

केरबा तिकडं कुणाला तरी ओरडून म्हणाला, "जावा तुमी! सरकारी बोट येतीया!" अक्काताईंनी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

ती बोट वाटेतल्या दुसऱ्या वस्तीवरच माणसांनी भरली आणि तिथूनच माघारी फिरली. केरबाचा परत फोन आला. अक्काताईंनी परत विचारलं, धैर्यशीलनं परत "वाटंत हाय" म्हणून सांगितलं. त्यानंतर केरबाचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी बोट मळ्यावर पोचली, तेव्हा केरबा जांभळाच्या झाडावर होता. बायडाबाई नव्हत्या.

पाणी ओसरल्यावर अक्काताई दारात बसून मशीनमधला गाळ खरवडत होत्या. केरबा तो नंबर दाखवत, पत्ता विचारत तिथं आला.

"कंट्रोल रूमच्या बाई तुमीच काय?"

त्यांनी त्याला पाटावर बसवलं, चहा ठेवला. तो आरडाओरडा करायला आला नव्हता. खाली बघूनच बोलत राहिला.

"शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आलता आमाला न्ह्यायला. आईला खाटंसकट चढवायचं ठरलंतं. तुमी नक्की म्हटलासा. मला वाटलं, बोटीत तिला तरास हुणार न्हाय. म्हणून ट्रॅक्टर माघारी लावून दिला."

"मी सरकार न्हवं, केरबा," अक्काताई म्हणाल्या. "ब्लाऊज शिवणारी बाई हाय मी. माझा नंबर चुकून पडलाय तिथं."

"आता सांगून काय उपेग?"

चहा तसाच ठेवून तो गेला.

अक्काताई धैर्यशीलकडं गेल्या. त्याला बातमी कळली होती. "मला तसंच सांगितलं, मावशी," एवढंच तो म्हणाला आणि तोंड फिरवून कपाटातलं काहीतरी शोधत बसला. त्याला कुणी सांगितलं, ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं. पंचनामे झाले, मदत वाटली गेली. बायडाबाईंचं नाव मृतांमध्ये लागलं. बोट येते म्हणून कुणी सांगितलं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

अक्काताईंनी नंबर बंद केला. मशीनला गंज चढला, तो काढायला त्यांनी हात लावला नाही. दिवाळीआधी बहिणीनं त्यांना कबनूरला आपल्याकडं नेलं. ते घर यंत्रमागाच्या कारखान्यांच्या मधोमध आहे. दिवसभर खडखडाट चालू असतो.

एकदा प्राचीनं सहज ते पान उघडलं. नंबर तिथंच होता.

"मावशी, तू कार्ड बंद केलंस न्हवं, आता सुटलीस की," ती म्हणाली.

"लोक लावतच असतील की गं," अक्काताई म्हणाल्या. "बंद लागतोय, एवढंच."

प्राचीनं ते पान बंद केलं. अक्काताईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. "खिडकी उघडी ठेव," त्या म्हणाल्या. "मागाचा आवाज येऊ दे. शांत झालं की फोन वाजल्यागत हुतंय."