उजव्या कानाबद्दल

सात वर्षांत हे माझ्याकडून कोणीही ऐकलेलं नाही. मुद्दाम असं लिहितो आहे. ‘मी कधी बोललो नाही’ असं लिहिलं असतं तर ते बरोबर झालं नसतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक मला शेवटी सांगावाच लागेल.

मी आकड्यांचा माणूस. कामठ्याजवळच्या गावात आमची धानाची शेती आहे आणि हंगामात मी खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा मोजतो. सतरा टक्क्यांच्या वर ओलावा गेला की माल परत. साडेसतरा आला तर मी साडेसतराच लिहितो. माझ्या सख्ख्या काकांचा ट्रॅक्टर मी दोनदा परत पाठवला आहे. लोक शिव्या देतात, पण मीटर पुन्हा लावून दाखव असं कोणी म्हणत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं ते ह्या विश्वासाच्या जोरावरच केलं — म्हणून सांगतो.

उर्मिला, माझी बायको, ओलावा दाढेनं ओळखायची. आमच्याकडच्या जुन्या बायांची ती रीत आहे. ढिगाच्या पाच ठिकाणचे पाच दाणे घ्यायचे, एकेक दाणा दाढेखाली धरायचा, तोंड मिटून हळू दाबायचा आणि ऐकायचं. सुकलेला दाणा टक् करून तुटतो. ओला नुसता दबतो. गल्लीतल्या बाया पोती भरायच्या आधी तिला बोलवायच्या. ती डोळे मिटायची आणि म्हणायची, “चूप राहा वं, आयकू द्या मले.” मग मी मागून मीटर लावायचो. तिच्या अंदाजात आणि माझ्या आकड्यात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. तसं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. “तुमची मशीन कालची आहे जी,” ती मला चिडवायची, “माह्या दाढा लहानपनच्या आहेत.”

त्याच दाढांपासून सुरुवात झाली. एका सकाळी दात घासताना उजव्या गालात वीज गेल्यासारखं झालं. दातांचं दुखणं असेल म्हणून दवाखान्यात एक दाढ काढली. दुखणं गेलं नाही. दुसरी काढली. मग तिसरी. तिन्ही चांगल्या होत्या हे आम्हाला वर्षभरानं नागपूरला कळलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. मेंदूजवळ एक रक्तवाहिनी त्या नसेवर टेकून राहिली आहे, म्हणून गालाला वारा लागला तरी कळ येते.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी कळ कमी व्हायची आणि माणूसही कमी व्हायचा. चालताना भिंत धरायची, भाजीत मीठ दोनदा टाकायची, माझ्याकडे बघून ओळख पटायला वेळ लागल्यासारखं बघायची. गोळी कमी केली की कळ परत. मी वही ठेवली होती — दिवसाला किती वेळा, किती सेकंद. पहिल्या महिन्यात चार-पाच वेळा. तिसऱ्या वर्षी एका दिवसात त्रेसष्ट. ती ओरडायची नाही. बोलता बोलता थांबायची, एक हात वर करायची — कोणी जवळ येऊ नये म्हणून — आणि कपाळ भिंतीला टेकायची. मग तिनं बोलणंच सोडलं, कारण ओठ हलले की कळ यायची. पातळ भात चमच्यानं डाव्या बाजूनं आत ढकलायची. तेवढ्यालाही पाऊण तास लागायचा.

आणि मी? मी माझी थाळी घेऊन बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसू लागलो. ती जेवताना मला बघवत नव्हतं. तुम्ही म्हणाल, हेच का ते? नाही. पण ते इथूनच निघालं असावं. ज्या माणसाला बायकोचं जेवण बघवत नाही, तो तिचं दुखणं मोजू शकतो, वाटून घेऊ शकत नाही. मी मोजत होतो आणि ते संपण्याची वाट बघत होतो. तिचं दुखणं संपण्याची, की माझं बघणं संपण्याची? तेव्हा मला ह्यात फरक दिसत नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीत बसवलं. उर्मिला बाहेर बाकावर होती — आतल्या एसीचा वारा तिला सहन होत नव्हता, पदर चेहऱ्यावर ओढून बसली होती. डॉक्टर भला माणूस होता, घाई न करता बोलला. दोन रस्ते आहेत, म्हणाला. एक — गालातून सुई घालून नस थोडी जाळायची. त्यानं अर्धा चेहरा बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. मग पुन्हा सुई. पण कानाला सहसा धक्का नाही. दुसरा — कानामागून हाड थोडं उघडायचं आणि ती रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करायची. बहुतेकांची कळ जाते. पण त्यात त्या बाजूचा कान कायमचा जाऊ शकतो.

मी विचारलं, शंभरात किती? त्यानं आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो लहान होता. लिहिला तर तुम्ही म्हणाल, एवढा तर लहान होता — आणि मला तेवढंच हवं असल्यासारखं होईल.

डॉक्टर म्हणाला, “दोन्ही गोष्टी त्यांना तुमच्या बोलीत नीट समजावून सांगा. त्यांचा चेहरा आहे, त्यांचा कान आहे. घरी जा, महिनाभर विचार करा.”

मी बाहेर आलो. बाकापर्यंत वीसेक पावलं असतील. त्या वीस पावलांत मी हिशेब केला — घरी जायचं, ही विचार करणार, हिचा भाऊ भरत नवेगाव बांधहून येणार, चार बाया चार गोष्टी सांगणार, ही घाबरणार, सुई म्हणणार, आणि मग दर काही वर्षांनी हेच. पुन्हा वही. पुन्हा सपरी. मला ते एकदाचं संपवायचं होतं.

तिच्या शेजारी बसून मी म्हणालो की ऑपरेशन करावं लागेल, दुसरा रस्ता नाही.

त्या बाकावर आधी बालाघाटकडची एक बाई बसली होती, कानामागे पट्टी असलेली. तिला बघूनच उर्मिलाच्या मनात आलं असावं. ओठ न हलवता, एकेक शब्द सोडत ती म्हणाली, “कानाच्या मांगून कापतेत म्हने. कानाले तं काही होनार नाही ना जी?”

“नाही.”

“डाक्टरले इचारलं?”

“इचारलं. काही होत नाही म्हनले.”

एवढंच. तिच्या आईला म्हातारपणी ऐकू येत नव्हतं. घरातले सगळे तिच्यासमोर तिच्याबद्दलच बोलायचे, आणि ती सगळ्यांकडे बघून हसत राहायची. उर्मिलाला जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि तिनं नेमकी तीच विचारली. मला ते माहीत होतं. माहीत असून मी ‘नाही’ म्हणालो.

“तुमी इचारलं तं झालं मंग,” ती म्हणाली.

संमतीच्या कागदावर बारीक अक्षरात तीन पानं होती. गोळ्यांनी तिची नजर धूसर झाली होती. मी बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. कानाची ओळ दुसऱ्या पानावर होती. मी ती वाचली आणि पान उलटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं गालाला हात लावला, मग जोरानं चोळला, मग रडायला लागली. कळ नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं पोळी चावून खाल्ली. चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, टाके ओढायचे, पहिले पंधरा दिवस धरून चालवावं लागायचं — पण कळ नव्हती. त्या दिवशीच्या पानावर मी शून्य लिहिलं, आणि त्यानंतर आजपर्यंत शून्यच आहे.

घरी आल्यावर नवव्या दिवशी भरतचा फोन आला. तिनं तो उजव्या कानाला लावला आणि म्हणाली, “फोन बिघडला वाटते.” मी तो तिच्या हातातून घेऊन डाव्या कानाला लावून दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. बोलणं भावाशी चाललं होतं.

तपासणीत कळलं की कान परत येणार नाही. तपासणाऱ्या पोरसवदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं कधी कधी होतं. मोठ्या डॉक्टरांना भेटायची गरज नाही असं मीच ठरवलं. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं. परत येताना उर्मिला मलाच समजावत होती, “डाक्टरले तरी काय मालूम होतं जी? तुमी त इचारलं होतं.”

भरत मात्र तापला. घरी येऊन म्हणाला, “जिजाजी, सांगितलं काऊन नाही त्यानं? मी जाऊन कॉलर धरतो त्याची.” मी त्याला हात धरून बसवलं. कळ गेली ना, माणूस देव थोडाच आहे, सोडून दे. तो शांत झाला आणि गावात सांगत सुटला की जिजाजीसारखं मोठं मन कोणाचं नाही. मी ते ऐकून घेतलं. तो डॉक्टर आमच्या गावात आजही बदनाम आहे. तिकडे चिचगडला उर्मिलाच्या मावशीच्या सुनेला हेच दुखणं झालं. तिनं उर्मिलाला विचारलं. उर्मिला खरं तेच बोलली — तिला ठाऊक असलेलं खरं. “कान जाते, आन् पहिले सांगत नाहीत.” ती बाई नागपूरला गेलीच नाही. अजून गोळ्यांवर आहे. दिवसाला किती कळा येतात, मी विचारलेलं नाही.

एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. उजवीकडून कोणी हाक मारली की उर्मिला डावीकडे वळते, तिथे कोणी नसतं, मग ती गोल फिरते. बाया हसतात, तीही हसते. तिच्या आईसारखी. रस्त्यानं जाताना मी तिच्या उजव्या बाजूला चालतो, गाड्या येतात म्हणून. लोक म्हणतात, बघा किती जपतो.

आता तो फरक. मी हे बोललो आहे. चार वेळा. पहिल्यांदा त्या तपासणीनंतर नागपूरहून परत येताना गाडीत — ती खिडकीशी होती, मी तिच्या उजवीकडे. गाडी चालू असताना मी सगळं सांगितलं — सुईचा रस्ता, डॉक्टरचा आकडा, दुसरं पान. पुटपुटलो नाही, नेहमीच्या आवाजात सांगितलं. ती बाहेर बघत होती. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची मला अजून किळस येते. त्यानंतर आणखी तीनदा. चारही वेळा उजवीकडून.

चौथी वेळ ह्या दिवाळीनंतरची. खळ्यावर धान पसरलं होतं. ती पायानं धान उलटत होती, मी उजवीकडे उभा होतो. मी म्हणालो, “डाक्टरनं मले सांगितलं होतं. मी तुले सांगितलं नाही.” वारा पडलेला होता. काहीतरी पोचलं असावं. ती थांबली, पूर्ण फिरली, डावा कान माझ्याकडे केला.

“काय म्हनलं जी?”

तिचा चेहरा माझ्यापासून हातभर होता. आजूबाजूला कोणी नव्हतं.

“धान सुकला का म्हनलं,” मी म्हणालो.

तिनं वाकून एक दाणा उचलला. उजवीकडच्या दाढा काढलेल्या, म्हणून डावीकडे धरला. तोंड मिटलं, डोळे मिटले. मी चूप राहिलो.

“नाही जी,” ती म्हणाली, “आखीन एक ऊन लागते.”

मी मीटर लावलं. अठरा. तिचं बरोबर होतं. तसं मी वहीत लिहिलं.