अखाजीची जास्तीची घागर

दर्यापूर-अकोला काळीपिवळी जीप चालवणारा तो एका वावराजवळ आला की गाणी बंद करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्याच्या आज्याच्या त्या वावरात विमान पडलं आणि आतले सगळे गेले. त्यांची नावं गावात कोणालाच ठाऊक नाहीत. तिथे स्मारकाचा दगड उभारायला तो प्रवाशांकडे वर्गणी मागतो. लोक हसतात. एकदा मीही हसलो.

“कावून हसता भाऊ? त्यांच्या मायले कोनी सांगतलं असन का, पोरगं कोठी पडलं ते?”

यंदा अखाजीला, पितरांसाठी पाण्याची घागर भरायच्या दिवशी, मी त्याच्याकडे होतो. बापाची घागर पूजून त्याने आणखी एक भरली, वावरात नेली, बाभळीच्या सावलीत टेकवली.

“पाणी प्या, लेकहो. दगड यंदाबी नाही झाला.”