नॉर्वे वेगळा आहे, असं मी सांगितलं होतं

शारजात एका कन्सल्टंटच्या ऑफिसात मी सेक्रेटरी होते. लग्न करून ठाण्याहून आलेली, नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी. समोरच्या टेबलावर एक इराकी सर्व्हेअर बसत. पन्नाशीचे. पूर्वी बगदादला शिकवत असत, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांचं इंग्रजी अडखळत चाले. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा.

हे कागद त्यांच्या धाकट्या भावाचे असत. त्याने जर्मनीत आश्रय मागितला होता आणि दोन वर्षं एका खोलीत तिघांबरोबर राहून शेवटी त्याला नकार मिळाला होता. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात उस्तादांनी मला विचारलं, की या जर्मनीवाल्यांपेक्षा निराळ्या नियमांनी चालणारा देश युरोपात कुठला आहे. मी लेकीचा ॲटलास आणि शाळेतून आणलेला जुना ज्ञानकोश चाळला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नॉर्वे त्यांच्या युरोपियन युनियनमध्ये नाही, वेगळा आहे. महिन्याभरात भाऊ नॉर्वेत पोचला.

या वेळी अर्जात काही कमी नको, असं दोघांनी ठरवलं होतं. बगदादहून जन्मदाखला यायचा, त्याचं भाषांतर व्हायचं, यात अख्खा हिवाळा गेला. मग अर्ज दिला. त्यानंतर काही दिवसांनी चहाच्या वेळी पेपर चाळताना आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. युरोपातल्या सामायिक व्हिसा आणि आश्रयाच्या नियमांत आता नॉर्वेही सामील झाला होता. माणसाने पहिला अर्ज ज्या देशात केला, त्याचं काय ते त्याच देशाने बघायचं. बाकीच्यांनी त्याला तिकडे परत पाठवायचं.

मी पेपर मिटून ड्रॉवरमध्ये टाकला. घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, त्यात तुझा काय संबंध? तोही कंटाळलेला होता. आमचे व्हिसे संपत आले होते, पुन्हा मेडिकल, पुन्हा रक्त, पुन्हा फोटो. दर तीन वर्षांनी तेच.

तिसऱ्या दिवशी मी उस्तादांना बातमी वाचून दाखवली आणि म्हटलं, माझ्या सांगण्यावरून तो गेला. मला अर्धवटच माहीत होतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, तुम्ही सांगितलं नसतं तरी तो गेला असता," ते म्हणाले. "एका जागी बसून माणूस किती दिवस 'नाही' ऐकणार?"

पत्र आलं ते मे महिन्यात. अर्ज तपासला जाणार नाही, जर्मनीला परत पाठवण्यात येईल. अपील करायला थोडेच दिवस होते. लंच ब्रेकमध्ये मी ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतलं. भाऊ तिथली भाषा शिकतोय, कुणावर भार नाही, असं सगळं लिहून झालं. कारणांसाठी अजून जागा होती. आणखी काय लिहू, विचारलं.

"लिहा, तो दमलाय."

मी म्हटलं, उस्ताद, हे कारण चालत नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण लिहा. मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार छोटं झालं.

अपील फेटाळलं गेलं. भावाला विमानाने जर्मनीला नेलं, बहुतेक त्याच गावात. इराकला परत धाडता येत नव्हतं, म्हणून पुढे त्याला सहा सहा महिन्यांची राहण्याची मुभा मिळत गेली. दर वेळी तिथल्या सरकारी ऑफिसात जाऊन ती वाढवून घ्यायची. बगदादला त्यांच्या आईला फोनवर काय सांगायचं, यावर दोघा भावांचं एकमत होईना. शेवटी उस्तादांनी सांगितलं, की तो युरोपात आहे, बरा आहे. आईने विचारलं, युरोपात कुठे? ते म्हणाले, अम्मा, आता ते सगळं एकच झालंय.

वर्षभराने आमच्या कंपनीचं एक मोठं काम बंद पडलं आणि उस्तादांचं काँट्रॅक्ट खलास झालं. महिन्याभरात व्हिसासाठी नवा स्पॉन्सर मिळाला नाही, तेव्हा ते जॉर्डनमध्ये अम्मानला गेले. जायच्या दिवशी त्यांनी भावाची फाइल माझ्याकडे दिली, जपून ठेवा म्हणाले. तिकडच्या भाड्याच्या खोलीत कागद सांभाळायला जागा कुठे असणार. मी ती घरी कपाटात, आमच्या पासपोर्टांच्या डब्याखाली ठेवली. त्यांनी ती कधी मागितली नाही. दोनदा त्यांचा फोन आला. दुसऱ्यांदा मी घरी नव्हते. लेकीने उचलला आणि संध्याकाळी सांगितलं, "सम अंकल कॉल्ड, ही सेड ही इज फाइन." नंबर तिने विचारला नव्हता.