सिक्स्टनची एकच हाक

सिक्स्टनने पन्नास वर्षं आमच्या गावातली डुकरं कापली, पण जानेवारीत डुक्कर जगतं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. हसू नका, मलाही नव्हतं. आमच्याकडे पिल्लू वसंतात आणायचं, उन्हाळाभर खाऊ घालायचं आणि नाताळच्या आधी सिक्स्टनला बोलवायचं. जानेवारीत डुक्कर मिठाच्या पिंपात असायचं. त्याला थंडी वाजते का, हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता.

आता त्याचे गुडघे गेले आणि सुऱ्या पेटीत गेल्या. ऑक्टोबरात त्याची मुलगी आनेली गोथेनबर्गहून आली ती गाडीत डुकरीण घालूनच. छोटी जात म्हणून फ्लॅटमध्ये पाळलेली माइकेन नव्वद किलोंची झाली होती. आनेलीने ती बापाच्या गळ्यात मारली, सोबत माइकेनचा लाल स्वेटर दिला आणि रडत परत गेली. मी सिक्स्टनला म्हटलं, नाताळ जवळ आलाय आणि तुझं काम तुला येतं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. शाळेपासूनची ओळख आमची, पण तेव्हा माझीच मला लाज वाटली.

जानेवारीत थंडी उणे बारावर गेली आणि त्याच्या माझ्याकडे खेपा सुरू झाल्या. आज काय, तर माइकेन पेंढ्यात बुडी मारून फक्त नाक बाहेर ठेवते, हे चांगलं की वाईट? उद्या काय, तर ती कमी खाते. परवा तिचे कान गार लागले. डुकराचे कान नेहमीच गार असतात का? हजारो कान त्याच्या हातातून गेले असतील, पण ही चौकशी त्याने कधी केली नव्हती.

"तिच्या पाठीवर चार बोटं चरबी आहे," तो म्हणाला. सवयीने अंगठा दाबून मोजलीच होती त्याने. "मग थंडी शिरते कुठून?"

मी बाई काय कपाळ सांगणार? दुकानवाली म्हणाली, खोपट्यात दिवा लाव. चर्चच्या पाद्रीणबाईंनी घोंगडी दिली. टपालवाला म्हणाला, एक फट ठेवू नकोस. सिक्स्टनने सगळ्यांचं सगळं ऐकलं. दिवा लावला, घोंगडी टांगली, फटी पोत्यांनी बुजवल्या. स्वेटर माइकेनने खाल्ला.

चौथ्या दिवशी दुपारी तो बिनटोपीचा माझ्या दारात उभा राहिला. माइकेन खोकत होती, आणि ऊबदार खोपटं सोडून बाहेर बर्फात जाऊन बसली होती. वेड लागलंय की रुसलीय, त्याला कळेना. मी जाऊन पाहिलं तर खोपट्याच्या छतावरून कोंडलेल्या वाफेचं पाणी टपकत होतं आणि पेंढ्याचा चिखल झाला होता. मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्याने आम्हा दोघांना मिळून झापलं. कोरडी थंडी ती सोसेल, ओल सोसणार नाही. वरच्या फटी उघडा, दिवा काढा, कोरडा पेंढा गुडघाभर घाला. आणि अंधार पडायच्या आधी तिला आत घ्या. रात्री उणे सव्वीस होणार आहे. या खोकल्यात ती बाहेर राहिली, तर सकाळी मला बोलवू नका.

सगळं करेपर्यंत दुपारचे तीन वाजले, इकडचा हिवाळी उजेड संपत आला. पण माइकेन जागची हलेना. त्या खोपट्याची तिने धास्तीच घेतली होती. सफरचंद दाखवलं, तिने मान फिरवली. आम्हा दोघांच्या चार दुखऱ्या गुडघ्यांनी नव्वद किलो ढकलून पाहिले. डुकराच्या तोंडावर बादली घातली की ते मागे सरकत जातं, ही खाटकाची जुनी युक्ती. सिक्स्टनने बादली उचलली आणि परत खाली ठेवली.

"उद्या ती माझ्या हातचं खाणार नाही," तो म्हणाला.

"मग हाक मार तिला."

त्याची हाक गावाला पाठ होती. तो अंगणात हळूच बोलवायचा आणि डुकरं आपल्या पायांनी त्याच्यामागे जायची. आमच्या अंगणात कधी किंचाळी ऐकू आली नाही, याचा आम्हाला अभिमान होता.

"गुन्वोर, मला डुकराला बोलवायची एकच हाक येते."

"माहीत आहे."

"ऑक्टोबरपासून एकदाही मारली नाही मी तिला."

तेव्हा मला उमगलं की हा रोज भांडं वाजवत, तोंड मिटून तिच्याकडे का जातो. पण अंधार थांबणार नव्हता.

"आज मार," मी म्हटलं.

तो खोपट्यात शिरला, वाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ये गं बाळे. ये. काही नाही होत."

माइकेनने कान टवकारले. उठली, बर्फ झटकला आणि सरळ आत त्याच्याकडे गेली. त्याने तिच्या कानामागे खाजवलं, तशी ती पेंढ्यावर आडवी झाली आणि गळा उघडा टाकून पडून राहिली. सिक्स्टनचा उजवा हात आपसूक कमरेमागे गेला. तिथे पट्टाही नव्हता आणि सुरीही नव्हती. तो रिकामा हात पुढे आणून त्याकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याला कळलंही नसावं.

"आता पुढे काय करायचं असतं, गुन्वोर?"

"काही नाही," मी म्हटलं. "खाजवत राहा."